पितृपंधरवड्यातली चुकलेली फेरी

जुन्नरच्या खातूनभाबी बावीस वर्षं गावोगाव फिरून बांगड्या भरतात. टोपलीच्या तळाशी, जुन्या फडक्यात, पाळणा लांबवायच्या गोळ्यांची पाकिटं असतात. भाबी ती मंचरला घेतात, कारण तिथं त्यांना कुणी ओळखत नाही. पहिल्यांदा दुकानदार हसला होता, "चाची, या वयात?"

"तुझ्या आईला वेळेवर मिळाल्या असत्या, तर तू नसतास काऊंटरवर."

बोरी बुद्रुकच्या अश्विनीला दर चार आठवड्यांनी एक पाकीट लागे. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. तिसरं नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूला, कुशाबाईंना, नातू हवा होता. गावात गोळ्या फुकट वाटणारी आशाताई म्हणजे अश्विनीची सख्खी जाऊ. कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. त्यामुळे एका वेळी एकच पाकीट घ्यायचं आणि पोलक्यात दडवायचं.

गणपती उठले, पितृपंधरवडा लागला. त्या दिवसांत कुणी नवी बांगडी भरत नाही. दरवर्षीप्रमाणे भाबी घरी बसल्या, टोपलीचा काठ सांधला. गोळ्यांना पंधरवडा नसतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

घट बसले तेव्हा त्या बोरीला गेल्या.

"सोळा दिवस गोळी न्हवती," अश्विनी हळूच म्हणाली.

"फोन का न्हाई केलास?"

"घरात फोन एकच, भाबी. ह्यांचा."

दिवाळीनंतरच्या फेरीला कुशाबाईंनी ओट्यावरूनच हाक मारली, "या भाबी, या! सूनबाईला हिरव्या बांगड्या भरा. आता नातू येनार हाय!"

अश्विनीनं हात पुढं केला. हात गार होता आणि नरम. बांगड्या सहज चढत गेल्या.

सासू पाणी आणायला आत गेली, तशा भाबी पुटपुटल्या, "मंचरला चल. मी येते संगं. डॉक्टरला दाखवू."

"जावेनं नाव लिवलंय तिच्या गरवार बायांच्या वहीत. समद्यांना ठावं झालंय. आता काय सांगून निघू?"

भाबींनी दुसरा हात घेतला.

बांगड्या भरून झाल्यावर अश्विनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडली. भाबींच्या तोंडून आशीर्वाद निघाला नाही. तो कुशाबाईंनीच दिला, मोठ्यानं. भाबींनी टोपलीवर फडकं ओढलं आणि त्या शेजारच्या दारात जाऊन बसल्या. तिथल्या सुनेला त्यांनी न विचारता दोन पाकिटं दिली.