मेहुण्याचं नेचं

मला माझ्या मेहुण्याची किळस येते. बायकोचा हा धाकटा भाऊ शाळेत कारकून आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, लोक त्याला देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे.

त्याच्या घरात बसायला धड खुर्ची नाही, पण काचेच्या अकरा टाक्या आहेत आणि सगळ्यांच्या पाण्यावर तरंगणारं नेचं आहे, बारीक पानांची एक पाणवनस्पती. झाकणाचं पाणी ठिबकलं की पानं कुजतात, म्हणून प्रत्येक झाकणाखाली बाटलीची बुचं ठेवून त्याने फट ठेवलेली. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून चिमट्याने काळी पडलेली पानं वेचत बसतो. घरभर शेवाळाचा कुबट वास, आणि त्याच चिकट हातांनी पाहुण्यांना बिस्किटं. रोप न्यायला कोणी आलं की प्रवचन ठरलेलं.

"हे टाकीतच ठेवायचं. एक पान जरी तळ्यात पडलं ना, तरी बघता बघता सगळं पाणी झाकून टाकतं. खालचे मासे गुदमरतात."

माझं पोट तळ्यातल्या माशांवर चालतं. यंदाचे मासे काढायला महिना-दीड महिना उरला होता, तेवढ्यात कडेला हिरवे ठिपके दिसले. मी कानाडोळा केला. महिनाभरात पाणी दिसेनासं झालं. मग एका सकाळी मासे पांढरी पोटं वर करून पानांत अडकलेले. वर्षाची मेहनत पाण्यात गेली.

मेहुणा धावत आला. आठ दिवस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याने नेचं ओढून काढलं. मेहुणा असावा तर असा, असं शेजारी म्हणाले. मलाही भरून आलं होतं, हे सांगायची आता लाज वाटते.

नवव्या दिवशी मी सडलेले मासे खड्ड्यात लोटत होतो. मेहुणा बाजूलाच उकिडवा बसून ढिगातली टवटवीत पानं निवडून पिशवीत भरत होता.

"काय तजेलदार झालीत बघा, भाऊजी. माझ्याकडे एवढी कधी झाली नव्हती."

"म्हणजे? ही तुझी आहेत?"

"टाक्या भरून गेल्या होत्या. जास्तीची उन्हात वाळवून मारायची असतात, पण माझं मन धजेना. तुमचं तळं केवढं मोठं. दोनच मुठी सोडल्या."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मला त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं.

"आणि माझे मासे?"

"मासे काय, पुन्हा सोडता येतात."

त्याची बहीण मागेच उभी होती. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली, काठावरच्या तापलेल्या फरशीवर उपडी केली आणि पानं हाताने नीट पसरली.

"ताई, नको ना," तो म्हणाला.

ती जागची हलली नाही. पानांच्या कडा वळायला लागल्या तसा तो हुंदके देऊन रडायला लागला. आठ दिवस मेलेल्या माशांत उभा होता, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.