घोटलेली गोळी

माझे सासरे हृदयाची गोळी घोटून पीत असत. अगदी अक्षरशः घोटून. मातीची खरबरीत कुंडी, हातभर लांबीचा लाकडी दांडा, भिजवलेले बदाम, थोडी खसखस, बडीशेप, मिरी आणि त्या सगळ्यात डॉक्टरांनी दिलेली ती रक्त पातळ ठेवणारी गोळी. पैलवान थंडाई करतात तशी ती थंडाई व्हायची. सकाळी उठल्यावर पोटात दुसरं काही जायच्या आधी मामंजी ती उभ्यानं प्यायचे आणि पेला पालथा घालायचे.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. मामंजींची सगळी उमेदीची वर्षं तालमीत गेलेली. आधी कुस्त्या केल्या, मग वस्ताद होऊन पोरं घडवली. मी लग्न होऊन आले ती नव्वदीच्या सुरुवातीला. तेव्हा मामंजींच्या आधी त्यांची छाती दारातून आत यायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, नवरा परगावी नोकरीला, शनिवारी यायचा. म्हणजे घरात आठवडाभर मी आणि मामंजी. मी शाळेत शिकवायचे आणि तोंडाची फटकळ होते. त्यांच्या कुस्त्यांच्या गोष्टी मी भाजी निवडता निवडता ऐकायचे आणि निम्म्या सोडून द्यायचे, कारण त्यांतल्या एकाही गोष्टीत ते हरत नसत. फार तर बरोबरीत सुटत.

दशक संपत आलं असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आला तोही तालमीत. घाम फुटला, डावा हात जड झाला, तर हा माणूस चालत घरी आला, अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि मला म्हणाला, जरा दवाखान्यात जाऊन येऊ. डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर हे हृदय झेलणार नाही. ही छोटी गोळी रक्ताची गुठळी होऊ देत नाही, ती एक दिवसही चुकता कामा नये. मी ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घरी येताच माळ्यावरची कुंडी खाली काढली.

मी विचारलं होतं, गोळी घोटायची कशाला? तर म्हणाले, "अख्खी गिळली तर तशीच बसती पोटात. घोटल्याबिगर अंगाला लागत न्हाय." वस्तादांनी एकदा असं सांगितलं की पेठेत विषय संपतो. माझ्याही डोक्यात संपला.

पुढं थोड्याच दिवसांत पोटाचं सुरू झालं. जळजळ, आंबट ढेकर, मळमळ. दोन्ही बरगड्या जिथं मिळतात तिथं मूठ दाबून ते खुर्चीत वाकून बसायचे. त्रासाचा शब्द तोंडातून काढायचे नाहीत, नुसतेच खाकरायचे. खरी पंचाईत अशी की हे पोट आहे की हृदय, ते आम्हाला कळायचं नाही. एक-दोनदा तर मी घाबरून रिक्षा बोलावली आणि त्यांना इस्पितळात नेलं. तिथं छातीला वायरी लावल्या, कागद काढला, सगळं ठीक निघालं. पित्त आहे, खाण्याचं सांभाळा, असं सांगून त्यांनी परत पाठवलं.

मग मी खाण्याच्या मागे लागले. पहिल्यांदा तिखटाला धरलं. कोल्हापूरच्या घरात कांदालसणाची चटणी बंद करायची म्हणजे देव्हारा हलवण्यासारखंच, पण मी केली. तांबडा रस्सा बंद झाला, मागोमाग पांढराही. मामंजी एका शब्दानं कुरकुरले नाहीत. मुगाची खिचडी, दुधीची पचपचीत भाजी, ताकातल्या कण्या, जे पानात पडेल ते खाल्लं. रविवारी माझा नवरा घरी असला की मटण व्हायचं. तेव्हा आपल्या कण्या आधी उरकून ते स्वतः पळी हातात घेऊन आम्हाला वाढायला उभे राहायचे. रश्शाचा वास घेत, दुसऱ्याच्या ताटाकडं हसऱ्या तोंडानं बघत. मला तरी ते जमलं नसतं. मी एक दिवस बिनमिठाचं खाल्लं तर घर डोक्यावर घेते.

तिखटानं भागलं नाही म्हणून चहा बंद केला. मग केळं सुरू केलं, गार दूध सुरू केलं, रात्री डोक्याखाली दोन उशा दिल्या, संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला पाठवलं. शेजारणींनी सांगितलेलं सब्जाचं पाणी झालं, आवळा झाला. प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला, फक्त कुंडीवर घेतला नाही. कारण घरात तीच एक गोष्ट अशी होती की जिच्याकडं बघून वाटायचं, हे मात्र तब्येतीचं आहे.

या दुखण्यात त्यांना एक सोबती होता. कसबा बावड्याचे एक पैलवान. दोघं तरुणपणी एकाच आखाड्यात एकमेकांचे जोडीदार, एकमेकांच्या अंगावर घाम गाळून मोठे झालेले. बावड्याला त्यांचा ऊस होता आणि मुलासुनांचं मोठं खटलं. मामंजींच्या पाठोपाठ त्यांनाही झटका आला आणि त्यांनाही तीच गोळी लागली. गोळी कशी घ्यायची हे त्यांनी डॉक्टरला विचारलं नाही, मामंजींना विचारलं. मामंजींनी घोटून घ्यायला सांगितली, वर एक नवी कुंडीही नेऊन दिली. मग तेही पोट धरून बसायला लागले. रविवारी ते आमच्याकडं आले की दोघं ओट्यावर बसून एकमेकांची जळजळ मोजायचे. मला हसू यायचं आणि रागही.

उसाची तोड सुरू झाली त्या सुमाराला बावड्याच्या पैलवानांनी गोळी सोडली. पोटाला आराम पडला, असं येऊन सांगून गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं की आज कुंडीचा आवाज आला नाही. कालही आला नव्हता. मी हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर आले. गोळ्यांचं पाकीट फळीवर न उघडलेलं पडलं होतं.

"मामा, गोळी बंद केलीत?"

"व्हय."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्येंला काय इचारायचं? प्वाट माजं जळतंय."

सासऱ्यांशी कसं बोलावं याचं जे काही शिकवलेलं होतं ते त्या दिवशी मी गुंडाळून ठेवलं. म्हटलं, पोट जळतंय ते दिसतंय मला, पण उद्या तुम्ही तालमीच्या दारात कोसळलात तर मी तुमच्या मुलाला काय सांगू? मला रडू फुटलं होतं आणि रडताना मी आणखी चिडते. त्यांनी एकदा माझ्या पिठाच्या हातांकडं पाहिलं. मग उठून त्यांनी टोपी घातली.

शाळेला रजा टाकून, फळीवरचं पाकीट पर्समध्ये घालून मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवलं. सुनेच्या मागे बसून वस्ताद निघालेत हे अख्ख्या पेठेनं पाहिलं. मामंजींनी ओळखीच्या प्रत्येकाला हात केला. चाकं बसतात की काय या काळजीत मी शाहूपुरीतल्या दवाखान्यापर्यंत श्वास धरून गाडी चालवली.

आमचे हृदयाचे डॉक्टर वयानं माझ्याएवढे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, गोळी घेता कशी? आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मामंजींनी अगदी खुलून सांगितलं. बदाम किती, खसखस किती, दांडा कसा फिरवायचा. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. या गोळीला वरून एक लेप असतो, ते म्हणाले. तो जठरात विरघळत नाही, पुढं आतड्यात गेल्यावर विरघळतो. तुम्ही तो लेपच घोटून काढलात आणि आतलं औषध रोज उपाशी पोटावर ओतलंत. जखमेवर चटणी चोळल्यासारखं झालं ते. मग त्यांनी पोट तपासलं, पोटासाठी वेगळं औषध लिहिलं आणि सांगितलं, हृदयाची गोळी आजपासून पुन्हा सुरू, जेवणानंतर, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची.

मामंजी टोपी काढून हातात फिरवू लागले. मला वाटलं, चूक निघाली म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, जमेल ना? तेव्हा खाली बघत, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, "गिळाय येत न्हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लहानपणी त्यांच्या घशात चिंचोका अडकला होता. डोळे पांढरे झाले होते, घरात रडारड सुरू झाली होती. तेव्हापासून छोटी टणक वस्तू जिभेवर आली की घसा मिटायचा. आयुष्यभर आजारी न पडल्यामुळं ते कुणाला कळलंच नव्हतं. सासूबाईंनाही नाही. अंगाला लागण्याचं जे काही त्यांनी मला सांगितलं होतं, ते या भीतीवर घातलेलं पांघरूण होतं. डॉक्टर भला माणूस. हसला नाही. तोंडात आधी पाण्याचा घोट घ्या, गोळी जिभेच्या मागे ठेवा, हनुवटी थोडी खाली करा आणि गिळा, एवढं त्यानं करून दाखवलं.

बाहेर आल्यावर मी स्कूटर घराकडं वळवली तर मागून खांद्यावर थाप पडली.

"बावड्याला चल."

मी म्हटलं, आधी घरी जाऊ, जेवा, गोळी घेऊन बघा. बावड्याला फोन करते. तर म्हणाले, त्यानं माझ्या शब्दावर घोटली आणि माझ्यामुळं सोडली. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते.

बावड्यात शिरलो तर कारखान्याच्या मळीचा वास भरून राहिलेला. पैलवान बाहेरच्या सोप्यात कॉटवर बसले होते. भोवती त्यांची मुलं, सुना, तोडणीचा हिशोब करायला आलेली माणसं आणि तालमीतले दोन जुने चेले चहा पीत बसलेले. वस्ताद आले म्हणून सगळे उठले. मी मामंजींना हळूच म्हटलं, आत नेऊन सांगा. त्यांनी ऐकलं नाही. सोप्याच्या मधोमध उभे राहिले आणि तालमीत पोरांना सांगायचे त्याच आवाजात बोलले.

"तुला गोळी घोटून खा म्हणालतो, ती चूक झाली माजी. घोटली की प्वाट जळतंय, डॉक्टर म्हणालाय. आन अंगाला लागती म्हणून घोटत नव्हतो मी. मला गोळी गिळायचं भ्या वाटतंय. ते झाकाय तुला बी तेच सांगितलं."

पैलवान कॉटवर ताठ बसले.

"भ्या? तुला?"

"व्हय. मला."

मग मामंजी खाली बसले. पैलवानांच्या थोरल्या सुनेला त्यांनी दूध-भाकरी मागितली, सगळ्यांच्या देखत सावकाश खाल्ली. हात धुतले, माझ्याकडून गोळी घेतली, पाण्याचा घोट घेतला. पहिल्यांदा ती परत आली. घसा आवळला, डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ती तळहातावर काढली. एका चेल्यानं मान फिरवली. मामंजींनी मात्र कुणापासून काही लपवलं नाही. ओली गोळी पुन्हा तोंडात टाकली, हनुवटी खाली घेतली, मांडीवर मूठ आवळली. गळ्याची गाठ वर गेली, थांबली आणि खाली आली. त्यांनी तोंड उघडून जोडीदाराला दाखवलं.

त्यांच्या कुस्त्यांच्या ज्या गोष्टी मी निम्म्या सोडून दिल्या होत्या, त्या सगळ्या त्या क्षणी मला पटल्या. मी त्यांच्याइतका धीराचा माणूस पाहिलेला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पैलवानांनी कॉटवरून सरकून मामंजींचा गुडघा धरला. मुलं-सुना समोर उभ्या आहेत याचीही त्यांनी फिकीर केली नाही.

"मला गोळीचं भ्या न्हाय गड्या," ते म्हणाले. "गोळी सोडल्यापासनं रोज निजताना वाटतंय, सकाळी उठतोय का न्हाय. मला मरायचं भ्या वाटतंय. सांगायचं कुणाला?"

मामंजींनी गुडघ्यावरच्या त्या हातावर आपला हात ठेवला.

"मला की," ते म्हणाले. "उद्या सकाळी येतो. डॉक्टरकडं जाऊ दोघं."