उघडा राहिलेला फोटो

मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेवर फरहत आपांचं छोटं दुकान आहे. कसरीनं खाल्लेले, ओल लागून पुसट झालेले फोटो त्या कॉम्प्युटरवर दुरुस्त करतात. ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली की एक ॲप ती आपोआप कामरगावला राधिकाच्या कॉम्प्युटरवर उतरवतं, आणि राधिका ती छापते.

त्या आठवड्यात चतुराबाईंचा फोटो मात्र उतरेना. चतुराबाईंची धाकटी बहीण मंजू अकराव्या वर्षी गेली, तिचा तो एकुलता एक फोटो. अर्धा चेहरा ओलीनं गेलेला.

"आपा, चतुराबाई तीनदा येऊन गेल्या. फोटो काहून येऊन नाही राह्यला?" राधिकानं फोनवर विचारलं.

आपांनी वाशिमच्या अजहरला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

"ॲपच्या सेटिंगमध्ये लॉग चालू करा आपा," तो म्हणाला. "मंग ॲप बंद करून पुन्हा सुरू करा. थे काय काय करते, ते सारं एका फाइलीत लिवत जाते. घंट्याभरानं थे फाइल मले पाठवा."

आपांनी तसं केलं. दुपार सुस्तावली होती. दर्ग्याकडून लोबानचा वास येत होता, पंखा संथ फिरत होता. पाठवण्याआधी त्यांनी लॉग उघडून पाहिला. तारीख, वेळ, फाइलचं नाव, ओळीखाली ओळ. बाकीचे फोटो सुखरूप गेले होते. मंजूच्या नावाशी येऊन ॲप थांबायचं, मिनिटभरानं पुन्हा यायचं. दोन वाजून चार. दोन वाजून पाच. दोन वाजून सहा. वाचता वाचता आपांचे डोळे जडावले. कुणीतरी दाराशी येऊन, आवाज न देता परत जातंय असं त्यांना वाटत राहिलं.

लॉग पाहून अजहरचा फोन आला. "फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी हाय आपा. म्हणून थे ॲपले उचलता येत नाही. कोणं ठेवली उघडी?"

"मीच," आपा म्हणाल्या.

चार दिवस त्यांनी तो चेहरा मिटलाच नव्हता. हरवलेला डोळा त्यांनी तिच्याच शाबूत डोळ्यावरून काढला होता, आणि तेव्हापासून ती पोर आता बोलेल, मग बोलेल, असं वाटायचं. दुकान बंद करतानाही त्या कॉम्प्युटर बंद न करता नुसता झोपवून जायच्या.

त्यांनी फोटो बंद केला. मिनिटभरात त्यावर पोचल्याची हिरवी खूण उमटली.

संध्याकाळी राधिकाच्या फोनवरून चतुराबाई बोलल्या. "लय चांगला केला बाई. पण हा डोळा तिचा नोहे."

"मंग कसा होता?"

"जराक तिरपा. हासली का नाकाकडं पळे." चतुराबाई बोलत राहिल्या: मंजू बोरं कशी वेचायची, कुठे लपायची. कितीतरी वेळ आपा ऐकत राहिल्या.

मग त्यांनी फोटो पुन्हा उघडला, बुबुळ केसभर आत सरकवलं, आणि लगेच मिटून राधिकाकडे जाऊ दिला.