पडद्यामागचा सदू पेंटर

सदू पेंटरने रोह्याच्या टॉकीजमध्ये आयुष्याची बरीच वर्षं काढली, पण एकही सिनेमा त्याने सरळ बाजूने पाहिला नाही. पडदा आणि मागची भिंत यांच्यामध्ये दहा-बारा फुटांची जागा होती. तिथे आवाजाचा मोठा लाकडी भोंगा, मोडक्या खुर्च्या आणि सदूचे रंगाचे डबे. तिथे बसून तो जाहिरातीचे बोर्ड रंगवायचा. खेळ सुरू झाला की ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवायचा आणि पडद्याच्या कडेला शिवण उसवली होती तिथे डोळा लावून उभा राहायचा. पाहायचा ते पब्लिकला. पडद्याच्या उजेडात दिसणारे ते शेकडो चेहरे, तोच त्याचा सिनेमा.

मी एकदा त्याला विचारलं, "अरे, उलटा का होईना, पण सिनेमा बघ की." तर म्हणाला, "त्यात काय बघायचं? पहिल्या खेळाला रडली ती बाई शेवटच्या खेळाला पण तिथंच रडते. माणसं रोज नवी असतात."

तो मूळचा पेणचा. गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा. पेणमध्ये माती मळणारे शंभर मिळतील, रंग देणारे पन्नास, पण डोळे काढायला बसवतात ते मोजके. सदू त्यातला. आषाढ-श्रावणात पेणला डोळे आणि बाकीचं वर्ष रोह्याला टॉकीज, असा त्याचा हिशेब होता. रोह्यात तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. कुठकुठचे लोक कामाला येऊन राहिले होते आणि टॉकीजचे खेळसुद्धा कंपनीच्या शिफ्टच्या भोंग्यावर लागायचे. साडेतीनचा खेळ बायकांचा. नवरे दुसऱ्या पाळीला गेले की बायका पोरं काखोटीला मारून निघायच्या. पत्र्याचं छप्पर, आत उकाडा, आणि वारा फिरला की कारखान्यांचा औषधासारखा उग्र वास. त्या वासातही लोक हसत, रडत, शिट्ट्या मारत.

मी आमच्या कंपनीत टाइमकीपर होतो. सदूशी ओळख झाली ती कामानेच. टॉकीजला फोन नव्हता. कंपनीत कुणाला लागलं-खुपलं आणि घरचं माणूस सिनेमाला गेलेलं असलं की साहेब मला सायकलवर पिटाळत. मी मागच्या दाराने सदूकडे जायचो, नाव सांगायचो. मग सदू काचेची पट्टी चिमणीवर धरून तिच्यावर काजळी चढवायचा आणि सुईने अक्षरं कोरायचा. ती पट्टी वर मशिनच्या खोलीत गेली की चालू सिनेमाच्या अंगावर पांढरी अक्षरं उमटायची: अमक्यातमक्यांनी दारावर यावे.

त्या कामाचे त्याचे नियम होते. कारण कधी लिहायचं नाही. "ताबडतोब" हा शब्द कधी लिहायचा नाही. मी घाई केली तर तो ओरडायचा, "टायमकीपर, थांब जरा. नाव लिवताना हात हलका पायजे. त्या नावाचा माणूस आत अंधारात बसलाय."

एकदा गावात नवीन आलेल्या एका डॉक्टरने त्याला गाठलं. दर खेळाला आपलं नाव पडद्यावर झळकावं, 'डॉक्टरसाहेबांना पेशंटकडून बोलावणं', म्हणजे गावाला कळेल आपण किती कामात असतो! सदूने त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि हात जोडले. "डॉक्टर, तुमाला रोज खोटं बोलावीन. पन ज्या दिवशी खरं बोलावणं येईल त्या दिवशी तुम्ही उठाल का?" डॉक्टर चहा अर्धा टाकून गेले. पुढे तेच डॉक्टर सदूच्या आईला तपासायला पेणपर्यंत आले, हेही सांगायला हवं. सदूशी भांडण करून कुणाला फार दिवस राहता यायचं नाही.

इथवर सगळं गोड आहे, आणि मी इथेच थांबलो तर हे लिखाण वाचायला बरं वाटेल. पण मला ज्यासाठी लिहायचंय ते पुढे आहे.

यमुनाबाई ही धरमतरच्या खाडीकडच्या मिठागरवाल्यांतली मुलगी. नवरा आमच्या कंपनीत कंत्राटी कामाला होता. दोघं रोह्याजवळच्या अष्टमी गावापलीकडे खोली घेऊन राहायची. एके दिवशी दुपारी दुसरी पाळी लागून तासभर झाला असेल नसेल, वाफेची एक नळी फुटली आणि तिचा नवरा भाजला. त्याला दवाखान्यात नेलं. साहेबांनी मला सांगितलं, "मुंबईला हलवावं लागेल. तो बायकोला बोलावतोय. तिला घेऊन थेट दवाखान्यात या." मी खोलीवर गेलो. शेजारीण म्हणाली, सिनेमाला गेलीये.

दवाखाना टॉकीजपासून पाच मिनिटांवर होता. तिच्या खोलीपासून अर्ध्या तासावर. हे अंतर लक्षात ठेवा, कारण पुढे कुणीच ते लक्षात ठेवलं नाही.

मी सदूला नाव सांगितलं. तो काच घ्यायला वळला आणि सवयीने एकदा फटीला डोळा लावून पाहिलं. मग मला हाताने जवळ बोलावलं. मीही पाहिलं. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर यमुनाबाई बसली होती. काहीतरी विनोदी चाललं असावं. पदर तोंडात कोंबून ती हसत होती, शेजारणीच्या मांडीवर थापा मारत होती. वय असेल वीस-बावीस.

"किती भाजलाय?" सदूने विचारलं.

"बराच."

"शुद्धीत हाय?"

"आहे. बोलतोय."

सदू पुन्हा फटीशी गेला. "इंटरवल व्हायला दहा मिन्टं हायेत. दिवे लागले की मी सोता जाऊन हात धरून आणतो. आत्ता पाटी लावली तर अंधारात धडपडेल, ओरडेल. हसूंदे तिला तोवर. परत कदी हसंल कोण जाणे."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला त्या क्षणीही ठाऊक होतं. पण तिला सांगायचं मला होतं, आणि मी घाबरलो होतो. दहा मिनिटं माझीही सुटका होती. मी म्हणालो, "बरं." एवढंच.

त्या दिवशी नेमकं रीळ तुटलं. दहाची वीस मिनिटं झाली आणि आम्ही दोघं पडद्यामागे उभे. मी दोनदा म्हणालो, जाऊ या का. पण पाय काही उचलले नाहीत. अखेर दिवे लागले. सदूने तिला आणलं, मी सांगितलं आणि आम्ही तिघं धावत दवाखान्यात पोचलो. जीप नुकतीच निघून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी थांबू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांचं काही चुकलं नाही. कंपाउंडर म्हणाला, जीपमध्ये घालेपर्यंत तो विचारत होता, "आली काय गो ती?" त्याला समोर नर्स दिसत होती, तिलाच विचारत होता.

तो वाटेतच, वडखळच्या अलीकडे गेला.

साहेबांनी मला बोलावलं. "एवढा उशीर कसा झाला?" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. घरात तान्हं मूल होतं. ही कारणं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. मी म्हणालो, "साहेब, अंधारात ती सापडतच नव्हती."

या एका वाक्याला पाय फुटले. चार दिवसांत ते खाडीकडे तिच्या सासरी पोचलं तेव्हा त्याचं असं झालं होतं की, बाहेरून हाका मारत होते, पाटी लावली होती, तरी ही सिनेमातून उठत नव्हती. नवरा जळत होता आणि ही हसत होती! सासूने तिला घरात घेतलं, पण बोलणं टाकलं. गावात कुणाकडे सत्यनारायण असला की हिला निरोप नाही, आणि ते विधवा म्हणून नव्हे हे सगळ्यांना माहीत होतं. तिचं स्वतःचं म्हणणंही तेच होतं. पुढे एकदा भेटली तेव्हा सदूला म्हणाली, "पेंटरदादा, तुमी बिचाऱ्यांनी पाटी लावली असंल. माझाच लक्ष नव्हता."

ती भेटली त्याच संध्याकाळी सदू माझ्या घरी आला. उभ्यानेच म्हणाला, "चल, उद्या सांगून येऊ तिला."

"सांगून काय होणार? माणूस परत येणार आहे का?"

"माणूस नाय येणार. तिच्यावरचा बोल उतरंल. ती सिनेमाला गेली म्हणून उशीर झालाच नाय. घरी असती तर आपन पाच मिन्टं पण उभे राहिलो नसतो. उशीर आपन केला."

मी त्याच्या हातापाया पडलो. माझी नोकरी जाईल म्हणालो. खोटं बोललो हे बाहेर पडेल म्हणालो. माझ्या बायकोलाही बाहेर बोलावलं, कडेवर मूल घेऊन, म्हणजे त्याला नाही म्हणता येऊ नये. सदूने एकवार मुलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझी जीभ तुज्या दारात ठेवली आज." आणि गेला. पाणीसुद्धा न घेता.

त्यानंतर त्याने पाटी लिहिली नाही. टॉकीजच्या मालकाने दुसरा माणूस ठेवला. सदूचा हात थरथरू लागला असं मला लिहायला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. पुढेही कितीतरी वर्षं त्याने पेणला गणपतीचे डोळे काढले आणि ते उत्तम काढले. फक्त पडद्यामागे असताना तो त्या फटीशी जायचा नाही. खेळ सुरू झाला की पाठ करून बोर्ड रंगवत बसायचा.

मग टीव्ही आला, व्हिडिओ आला. साडेतीनचा खेळ आधी बंद पडला. बायका शेजाऱ्यांच्या घरी बसून सिनेमा पाहू लागल्या. टॉकीजचं खताचं गोडाउन झालं, पुढे ते पाडून तिथे लग्नाचा हॉल बांधला. पेणच्या जुन्या टॉकीजचीही तीच गत. सदू कायमचा पेणला गेला. आमची भेट वर्षातून एकदा व्हायची. तो माझ्याशी चांगलं बोलायचा, मुलांची चौकशी करायचा. यमुनाबाईचं नाव त्याने काढलं नाही, आणि निघताना दर वेळी क्षणभर माझ्याकडे पाहायचा. मी चपला शोधायला लागायचो.

सदू गेला तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तेराव्याला पेणला गेलो. अंगणात एक म्हातारी बाई बसली होती. सोबत मुलगा, डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला असलेला. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं: यमुनाबाई, आणि हा मुलगा नवरा गेला तेव्हा पोटात होता तो.

"भाऊ, पेंटरदादा आलते मांगल्या वर्साला माज्या घरी," ती म्हणाली. "समदा सांगला त्यांनी. त्यांनीच थांबवला म्हनं. तुमी घाई करत व्हतात, त्यांनीच तुमचा आयकला नाय. माज्या पाया पडायला लागले, एवढा म्हातारा मानूस! सासू जिती असती तं तिला बोलावून आयकवला असता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? रडले. मंग चा केला. इतकी वर्सा मी माज्या जिवाला खात व्हते, भाऊ. त्या दिशी मना निज आली." मग माझा हात धरून म्हणाली, "तुमी तरी घाई केलात. तेवढा बरा वाटला."

माझ्या आजूबाजूला माणसं जेवायला बसत होती. मी मान हलवली.

ती मान मला पुढे चार महिने जड झाली. सदूने माझ्यासाठी शब्द पाळला होता, अर्धा. सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि मला अंगावर एक शिंतोडाही न उडवता सोडून दिलं. अशा मेहरबानीत जगणं हे शिक्षेहून वाईट असतं, हे मला त्या वयात कळलं. शेवटी एका सकाळी एसटीने तिच्या गावी गेलो. ओटीवर बसलो आणि सांगून टाकलं. मी घाई केली नव्हती, मी 'बरं' म्हणालो होतो. ती अंधारात सापडत नव्हती हे वाक्यही माझंच, आणि सदूला तेव्हा तोंड उघडू दिलं नाही तेही मीच.

यमुनाबाईने सगळं ऐकून घेतलं. मी वाट पाहत होतो की ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला हव्याच होत्या.

"म्हंजे पेंटरदादा माज्या घरी आलते त्या दिशी पन खोटाच बोल्ले?" तिने विचारलं.

"माझ्यासाठी बोलला."

"आन् मना वाटला, कोनी तरी एकदा खरा सांगला."

ती हळूहळू उठली आणि भिंतीला धरत आत गेली. थोड्या वेळाने तिची सून चहा घेऊन आली. मी विचारलं, त्या येतायत ना बाहेर? सून आत डोकावून आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई निजल्यान."

सकाळचे दहा वाजले होते. मी चहा प्यायलो आणि एसटीच्या थांब्याकडे निघालो.