उलट्या पिळाची लोकर

पोस्टात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. चौदा वर्षं ती टपाल वाटत होती. खात्याने दिलेली सायकल पोस्टाच्या मागच्या भिंतीला टेकून गंजली, कारण सायकलवरून लोकांशी धड बोलता येत नाही असं तिचं मत. चढाचे तीन रस्ते, शाळेमागची वसाहत आणि कालव्यापलीकडची घरं असा तिचा बीट; सकाळी निघाली की दुपारपर्यंत अकरा किलोमीटर. घरी आली तरी चहा उभ्यानेच. जेवताना मीठ आणायला, पाणी आणायला, खिडकी लावायला म्हणून चार वेळा उठणार. "हिच्यासाठी घेतलेली खुर्ची अजून नवीच आहे," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि खुर्ची दाखवायच्यासुद्धा.

अशा बाईला डॉक्टरीणबाईंनी एकशे बारा दिवस आडवं पडायला सांगितलं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. याआधी एकदा दिवस गेले होते, पण पाचव्या महिन्यात सगळं संपलं. त्या दिवशीही ती अख्खा बीट फिरून आली होती. चालण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं तिला तेव्हा दोन-दोनदा समजावलं होतं. पण मनाने एकदा एखादी गोष्ट धरली की ती डॉक्टरचंही ऐकत नाही. कुणाला काही न बोलता ती आपल्या पायांना दोष देत आली होती.

या वेळी पाचव्याच महिन्यात तपासताना डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला. "पिशवीचं तोंड उघडायला लागलंय. तिथे मी एक टाका घालते. सदतिसावा आठवडा लागला की काढू. तोवर बाळ आत राहायला हवं, म्हणून तुम्ही पडून राहायचं. बाथरूमला जाण्यापुरतं उठायचं, बाकी काही नाही."

तिचा नवरा शेजारी बसला होता. त्याचं केस कापायचं दुकान, आणि माणूस असा बोलका की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचे केस संपत, याच्या गोष्टी संपत नसत. त्या दिवशी घरी येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

दुकानाच्या वरच दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली, पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा ठेवल्या. डोकं खाली, पाय वर. "सगळं रक्त डोक्यात जाऊन मी एकदाची शहाणी होईन," ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "एकशे बारा दिवसांत? बघू."

पहिले चार दिवस तिने छत पाहिलं. पाचव्या दिवशी सासूबाईंनी तिच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला, सुलट आणि उलट टाका शिकवला, आणि मग जे काही सुरू झालं ते थांबेना. पायांना बंदी झाली तशी सगळी चाल बोटांत उतरली. तीन आठवड्यांत सहा स्वेटर, नऊ टोपरी आणि मोज्यांचे अकरा जोड. सासूबाईंनी ते मोजे खाटेवर ओळीने मांडले आणि चष्मा वर करून विचारलं, "अगं, बाळ येतंय की गोम?"

ती पोट धरून हसली, मग घाबरून हसणं थांबवलं. हसल्यानेही काही होईल की काय, ही धास्ती चोवीस तास उशाशीच असायची. खरं तर म्हणूनच ती विणत होती. हात रिकामे राहिले की मन पोटात जाऊन बसायचं आणि दर मिनिटाला विचारायचं, आहेस ना? आहेस ना?

सासूबाईंना ते न सांगता कळलं होतं. तरुणपणी त्या कांबळ्यांच्या एका कारखान्यात लोकर कातायला होत्या, आणि माळ्यावर पिंजलेल्या लोकरीचं एक पोतं अजून जपून ठेवलेलं होतं. पोतं खाली आलं, टकळीही आली. "विणणं तुला पुरत नाही," त्या म्हणाल्या. "कातून बघ. कातताना घाई चालत नाही. घाई केलीस की धागा तुटतो, कुणी रागवायची गरज नाही."

तिने उशीला टेकून टकळी खाटेच्या कडेवरून खाली सोडली. बोटांनी चिमटीत फिरवायची, लोकर हळूहळू सोडत जायची, धागा जमिनीपर्यंत पोचला की गुंडाळायचा. पहिल्या दिवशी वीतभर धागा आणि वीतभर शिव्या. आठवडाभरात जमलं. फक्त तिच्या स्वभावासारखा पीळ भरपूर. धागा जरा सैल सोडला की लगेच स्वतःभोवती गुंडाळून घ्यायचा. सासूबाई म्हणाल्या, "लोकर कातत्येस की दोर वळत्येस?" पण ती खूश होती. संध्याकाळी गुंडा हातात घेऊन दाखवायची, आज एवढं झालं, म्हणजे बाळ आज एवढं राहिलं.

सत्ताविसाव्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, धागा तुटला. टकळी घरंगळत खाटेखाली गेली. सासूबाई आंघोळीला गेलेल्या. त्या येईपर्यंत तिला थांबता आलं असतं. पण चौदा वर्षांची सवय, पडलेलं पाकीट उचलायला कुणाची वाट बघतं का कुणी? ती कडेवरून वाकली. ओटीपोटात कळ आली ती अशी की तोंडातून आवाजच फुटेना. तिने हाताशी असलेला स्टीलचा पेला उलटा धरून जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला.

खाली दुकानात नवऱ्याने वर पाहिलं, वस्तरा ठेवला आणि धावला. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे वाणसामानाचा दुकानदार, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालाला फेस, तेही मागोमाग जिना चढून आलं. गाडी त्या दुकानदाराचीच होती. गळ्यात टॉवेल तसाच ठेवून त्याने गाडी चालवली, आणि दवाखान्याच्या दारातल्या माणसाने "पेशंट कोण?" म्हणून विचारलं तर आधी त्याच्याचकडे बघून. तो भला माणूस दुपारपर्यंत तसाच बाकावर बसून राहिला. फेस केव्हाच वाळून गेला होता. टाका टिकलाय हे ऐकल्यावरच तो उठला आणि अर्ध्या दाढीने घरी गेला.

चार दिवस तिला तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी नवरा डबा घेऊन आला, तेव्हा तिने इतकी वर्षं न बोललेलं बोलून टाकलं.

"माझे पायच वाईट आहेत. मागच्या वेळी यांनीच घालवलं. स्वस्थ म्हणून बसवत नाही मला."

तो डबा उघडत होता. "तू दुकानात टपाल द्यायला यायचीस, आठवतं?"

"मग?"

"मला वर्षाला दोन पत्रं यायची. तू रोज यायचीस." त्याने झाकण बाजूला ठेवलं. "त्या पायांना माझ्यासमोर नावं ठेवायची नाहीत."

ती रडली, मग डब्यातलं सगळं जेवली. इतक्या वर्षांनी छातीवरचं ओझं थोडं हललं होतं, आणि त्याबद्दल तिला त्याचे उपकार वाटले.

घरी आल्यावर टकळी जप्त झाली. विणायला मात्र परवानगी होती, आणि विणायला लोकर हवी. ही विणत नसली की रात्रंदिवस पोटावर हात ठेवून जागी राहते, ते घरातल्या दोघांनाही दिसलं होतं. तेव्हा नवऱ्याने आईसमोर हात पुढे केला. "दे, मी कातेन."

दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तो दुकानाच्या दारात उभा राहून कातू लागला. गिऱ्हाइकांना आयतंच सापडलं. "तोंडाची टकळी चालूच होती, आता हातातही आली का?" तो म्हणायचा, "एक थांबली तरी दुसरी चालते, गिऱ्हाईक कंटाळत नाही." सासूबाई संध्याकाळी त्याचा गुंडा उजेडात धरून बघायच्या आणि त्यातून कुणाकुणाचे केस वेचून काढायच्या. "हा पांढरा कुणाचा? बाळाला मेंढीची लोकर हवी, पेन्शनरांची नको."

तिने बाळासाठी पांघरूण विणायला घेतलं होतं. पण आपल्याच धाग्याचं वीतभर विणून झाल्यावर ते एका बाजूला कलायला लागलं. चौकोन व्हायचा सोडून पतंग झाला. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा कललं. सासूबाई म्हणाल्या, "एकेरी धाग्यात एवढा पीळ असला की असंच होणार. दोन पदर एकत्र वळायला हवेत. एक तुझा, एक त्याचा." तोवर त्याचं तीन आठवड्यांचं कातणं जमलं होतं. सासूबाई दोन्ही टोकं एकत्र बांधून पीळ घालायला बसल्या.

धागा काही जमेना. हिचा पदर पीळ सोडून फुसकन सुटायचा, लोकरीचे झुबके हातात यायचे. त्याचा पदर मात्र आणखी ताठ होऊन वेटोळी घालायचा. सासूबाईंनी चष्मा पुसला, दोन्ही धागे नखावर फिरवून बघितले, आणि लेकाला जिन्यावरून हाक मारली.

"कात बघू जरा माझ्यासमोर."

त्याने टकळी घेतली आणि डाव्या हाताने फिरवली.

"अरे डावखुऱ्या!" त्या ओरडल्या. "सगळं उलटं कातलंस! तुझा पीळ डावीकडे, तिचा उजवीकडे. हे दोघं जन्मात एकत्र वळायचे नाहीत."

पस्तीस वर्षं तो डाव्या हाताने जेवत, लिहीत आणि दाढ्या करत आला होता, पण आईने शिकवलेलं तो आरशात बघितल्यासारखं करतोय हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तो दाराच्या उंबऱ्यावर बसला. "तीन आठवडे," एवढंच म्हणाला. दिवसभर बोलणाऱ्या माणसाचे डोळे भरून आले, कारण तो लोकर कातत नव्हताच. तो आपल्या परीने तिला आणि बाळाला धरून ठेवत होता.

"इकडे द्या," खाटेवरून ती म्हणाली.

एकत्र वळत नाहीत तर नकोत. तिने दोन ओळी आपल्या धाग्याने विणल्या, दोन त्याच्या. पुन्हा दोन आपल्या, दोन त्याच्या. काही विचार करून नव्हे, त्याचं कातलेलं वाया जाऊ द्यायचं नाही एवढ्याच हट्टाने. संध्याकाळपर्यंत वीतभर झालं. तिने ते गुडघ्यावर पसरलं आणि सासूबाईंकडे दिलं. हिचा धागा जिकडे ओढायचा त्याच्या विरुद्ध त्याचा ओढत होता. कडा सरळ होत्या, कोपरे काटकोनात.

सासूबाईंनी पट्टीने मापलं. मग म्हणाल्या, "आमच्या कारखान्यात हे कुणाला सुचणं शक्य नव्हतं. असा वेंधळा आमच्याकडे नव्हताच."

तो डाव्या हाताने कातत राहिला, ती विणत राहिली. तिसावा आठवडा, बत्तिसावा, चौतिसावा. सदतिसाव्यात डॉक्टरीणबाईंनी टाका काढला आणि म्हणाल्या, "आता केव्हाही." दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवली. वाणसामानवाल्याने गाडी दारात आणून लावली, या वेळी पूर्ण दाढी करून.

आणि बाळ काही येईना. अडतिसावा गेला, एकोणचाळिसावा गेला. सगळ्यांनी एवढं धरून ठेवलेलं बाळ, त्याने ते फारच मनावर घेतलं होतं. चाळिसाव्यात डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "अजून पडूनच? उठा आता. भरपूर चाला."

एरवी चहासुद्धा उभ्याने घेणारी भिंगरी घरी येऊन पुन्हा खाटेवर पडली आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "मी नाही चालणार. एकदा चालले होते ना." नवऱ्याने विनवलं, सासूबाई दटावून झाल्या. दोन दिवस ती हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने दुकानाला कुलूप लावलं, तिच्या चपला खाटेपाशी मांडल्या आणि विटा काढून टाकल्या. काही बोलला नाही. तो बोलत नाही म्हटल्यावर तिला उठावंच लागलं.

पहिल्या दिवशी जिन्यापर्यंत. पाय लटपटत होते, पोटऱ्या उरल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पोस्टापर्यंत. मग शाळेमागची वसाहत. तो एक घडीचं स्टूल काखेत मारून मागे, ती पुढे. दारं उघडायची, लोक बाहेर यायचे. कुणी पाणी द्यायचं, कुणी नुसतंच बघून हसायचं. चार महिने जी खिडकीतून आकाशाचा एक तुकडा बघत होती ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "किती माणसं आहेत हो माझी." डॉक्टरीणबाईंचा तो एक टाका, सासूबाईंचं पोतं, अर्ध्या दाढीचा वाणी, हा मागून येणारा डावखुरा, कुणाकुणाचं ती देणं लागत होती याचा तिला हिशेबच लागेना, आणि लागत नाही याचंच बरं वाटलं.

आठव्या दिवशी तिसऱ्या चढावर कळ आली. नवऱ्याने स्टूल उघडलं. तिने मान हलवली. "नको. जाते मी चालत." दोन कळांच्या मध्ये थांबत, त्याच्या खांद्याला धरून, ती तो चढ स्वतःच्या पायांनी उतरून, खाली बोलावून घेतलेल्या वाण्याच्या गाडीपर्यंत आली.

मुलगी झाली. पुरत्या दिवसांची, वजनदार, आणि आवाज बापाचा. पुसून, त्या पांघरुणात गुंडाळून नर्सने ती तिच्या छातीवर ठेवली. दोन क्षण पोरगी गप्प राहिली, मग लाथा झाडून पांघरूण सोडवलं आणि दोन्ही पाय बाहेर काढले. सासूबाई लगबगीने मोजे घेऊन पुढे झाल्या.

"राहू द्या आई," ती म्हणाली. तिने ते दोन्ही लालबुंद तळवे आपल्या मुठीत घेतले, ओठांना लावले, आणि सगळ्यांदेखत मोठ्याने रडत म्हणाली, "चाल हो बाई. हवं तेवढं चाल."