उताराला लागलेली टाकी

राणीसावरगावच्या आमच्या घराचं अंगण गोठ्याकडे उतरतं आहे. टँकरचं पाणी साठवायला नवऱ्याने जाड प्लॅस्टिकची घडीची टाकी आणली. रिकामी असली की ती सतरंजीसारखी पसरायची, भरली की उशीसारखी फुगायची. पहिल्यांदा ती अंगणात भरत होतो, तेव्हा सासूबाई खाली गोठ्यात म्हशीची धार काढत होत्या. टाकी कमरेएवढी फुगली आणि उताराकडे जराशी सरकली. आधी मला भास वाटला. मग ती पुन्हा हलली.

"आत्या, उठा, बाहेर या," मी सासूबाईंना हाक मारली.

"गुडघा धरलाय माझा. उठताच येईना."

नवऱ्याने टँकरचा पाइप ओढून काढला, तरी टाकी थांबेना. आम्ही दोघांनी खालून रेटलं, तर ती आमच्याच अंगावर कलंडू लागली. शेवटी त्याने विळ्याने टाकी फाडली. पाणी धावत गोठ्यात शिरलं, आणि सरकत आलेली टाकी आत्यांपासून हातभर अंतरावर सपाट झाली.

आत्या चिखलात बसल्या होत्या. "पाणी गेलं की समदं," त्या म्हणाल्या. काखेत हात घालून मी त्यांना उठवलं आणि घरात नेईपर्यंत सोडलं नाही.