साहेबांच्या कोपरावरचा रफू

आमच्या गल्लीतल्या बारीकरावाला आयुष्यात तीन गोष्टींचा हेवा वाटला. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानाला असलेल्या मोठ्या काचेचा, माझ्या दातांचा (ते माझे नाहीत हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही), आणि साहेबांच्या बायकोचा. पहिल्या दोन हेव्यांत त्याला व्यवस्थित झोप लागायची. तिसऱ्यानं मात्र तो पार पोखरून निघाला. ती हकीगत इस्त्रीवालाही सांगतो, पण तो तिखटमीठ लावून सांगतो. मी फक्त मीठ लावतो.

बारीकराव रफू करतो. तो स्वतः बारीक, त्याची सुई बारीक, आणि दुकान तर इतकं बारीक की गिऱ्हाईक आत आलं की मला बाकावरून उठून बाहेर उभं राहावं लागतं. माणूस डावखुरा. खिडकीचा उजेड उजव्या खांद्यावरून घेतो, डोळ्याला भिंग लावतो आणि मांडीवर कापड पसरतो. कोटाला ठिणगीनं भोक पाडलेलं असो की पँट खिळ्याला अडकून फाटलेली असो, त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसून तो असे विणतो की भोक होतं कुठे हे गिऱ्हाइकालाच आठवत बसावं लागतं. काम झालं की कापड पुढे सरकवतो आणि एकच शब्द बोलतो : "शोधा."

आता यातली गंमत बघा. सुताराला खुर्ची दाखवता येते, रंगाऱ्याला भिंत. बारीकरावानं काय दाखवायचं? त्याचं काम जितकं चांगलं तितकं ते केलेलंच नाही असं वाटतं. अकरा वर्षं तो हस्तकला सन्मानासाठी अर्ज करत होता. अर्जाला कामाचा नमुना जोडायचा असतो. हा आपला जीव ओतून रफू केलेलं कापड जोडायचा, आणि दर वर्षी ते कापड समितीच्या चिठ्ठीसह परत यायचं : "सोबतच्या कापडावर कोणतेही काम आढळून आले नाही." अशा अकरा चिठ्ठ्या त्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत. मी मोजल्यात.

पण समितीचं एक वेळ सोडा. त्याला खुपायचं ते घरचं. लग्नाला तीस वर्षं झाली आणि वहिनींनी एकदाही त्याच्या कामाला छान म्हटलं नव्हतं. एकदा त्या डबा घेऊन दुकानात आल्या होत्या, तेव्हा यानं माझ्यादेखत कोट त्यांच्यापुढे धरला.

"अगं, बघ तरी."

वहिनींनी कोट उलटसुलट केला. "काय बघू? कोट आहे."

"इथे बोटभर भोक होतं!"

"असेल. आता नाहीये ना?" आणि डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "लोकांच्या कोटांना भिंगं लावता आणि स्वतःच्या मोज्यांना दोऱ्यांच्या गाठी मारता. धुताना माझ्या बोटांना टोचतात."

बारीकराव त्या दिवशी जेवला नाही. डबा मी संपवला.

अशात एका थंडीत साहेबांचा पीए दुकानात आला. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, वर्षानुवर्षं साधेपणावर निवडून येणारे. त्यांचा साधेपणा त्यांच्या मागून दोन गाड्यांत बसून यायचा. पीएनं एक करडा लोकरी कोट दिला. उजव्या कोपराला भोक होतं. बारीकरावानं दोन दिवस खपून काम केलं आणि कोट पुढे सरकवला. "शोधा."

मी रिवाजाप्रमाणे बाहेर उभा होतो, पण दार उघडं होतं. पीएनं शोधलं. चष्मा काढून शोधलं. मग तो घाबराघुबरा झाला.

"अहो, दिसतच नाही!"

"मग!" बारीकरावाची छाती फुगली.

"मग काय मग? दिसायला पाहिजे! घरच्या बाईनं पोरंबाळं सांभाळून केल्यासारखा. जरा वाकडा. निळ्या धाग्यानं."

"माझ्या हातून वाकडं होत नाही."

"प्रयत्न करा. आणि असे अजून सहा कोट आहेत."

"सहा? साहेब तर सगळीकडे सांगतात, माझा एकच कोट!"

"एकच आहे हो," पीए म्हणाला, "पण तो धुवायला नको का?"

कुणाकडे बोलायचं नाही, असं त्यानं चार वेळा बजावलं. तो गेल्यावर बारीकरावानं मला वहिनींची शपथ घातली. आयुष्यात मी पाळलेली ती एकुलती एक शपथ. तिच्यामुळे मला महिनाभर अन्न पचत नव्हतं.

चांगलं काम सात वेळा करता येतं. वाईट काम सात वेळा अगदी तस्सं करून बघा. बारीकरावानं पहिल्या कोटावर डोळे मिटल्यासारखे भराभरा टाके मारले आणि मग त्याचा कागदावर नकाशा काढला : आडवे धागे एकोणीस, उभे तेवीस, सगळे जरा एका अंगाला कललेले, आणि खाली कोपऱ्यात एक सुटलेलं टोक. त्याबरहुकूम बाकीचे सहा. सातही कोट शेजारी शेजारी टांगले तर सात जुळी भावंडं.

मग सुरू झालं. साहेब सभेत हात वर करायचे, कोपर लोकांकडे वळवायचे. "अठरा वर्षं हाच कोट! आणि हा रफू बघा. माझ्या घरच्या लक्ष्मीच्या हातचा!" दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर कोपर. आतल्या पानावर 'टाक्याटाक्यात माया' नावाचा लेख. कार्यकर्ते नव्याकोऱ्या कोटांच्या कोपरांवर निळे चौकोन शिवून हिंडू लागले. आणि टीव्हीवर बाईसाहेबांची मुलाखत.

मुलाखत लागली तेव्हा बारीकराव न्हाव्याच्या खुर्चीत होता, तोंडाला फेस. बाईसाहेब सांगत होत्या, "घरात निळा दोरा तेवढा होता, साधा सुती. म्हटलं, चालतंय."

"सुती? लोकर आहे ती, लोकर!" खुर्चीतून आवाज.

"बारीकराव, हलू नका. कान जाईल," न्हावी म्हणाला.

बाईसाहेबांनी कॅमेऱ्यापुढे सुई घेतली.

"चमचा धरावा तशी धरलीये! आणि टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालतात ते अंगुस्तान अंगठ्यात! अरे, अंगठ्यात कोण घालतं?"

"तुम्हाला काय त्याचं? किती साधी बाई आहे!" न्हाव्याला गहिवरून आलं होतं. "तुमच्यासारख्या धंदेवाल्याला जमणार नाही असला टाका. त्याला मन लागतं."

बारीकराव अर्धी दाढी तशीच ठेवून घरी गेला. आणि घरी काय, तर वहिनींनी तो वर्तमानपत्रातला फोटो कापून स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवलेला. साहेबांचं डोकं कात्रीनं उडवलेलं, फक्त कोपर. त्या दिवसापासून बारीकराव कपाटाकडे पाठ करून जेवू लागला.

"तीस वर्षं," तो मला म्हणायचा, "तीस वर्षांत माझ्या एका टाक्याकडे हिनं ढुंकून पाहिलं नाही. आता दुसऱ्या बाईच्या टाक्यांवर भाळलीये. आणि टाके माझे!"

"मग सांग तिला."

"काय सांगू? की तो घाणेरडा रफू मी केला म्हणून? आयुष्यात एकच काम लोकांना दिसलं, तेही वाकडं, आणि तेही त्या बाईच्या नावावर!" हे बोलताना तो हातातल्या गिऱ्हाइकाच्या बाहीला अशी सुई खुपसायचा की मी बाक थोडा मागे घ्यायचो.

तरी हे सगळं त्यानं गिळलं असतं. पण त्या वर्षीचा हस्तकला सन्मान जाहीर झाला, आणि तो बाईसाहेबांना! 'एका टाक्यातून समाज जोडल्याबद्दल.' बारीकरावानं बातमी वाचली, ड्रॉवर उघडला, अकरा चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि ड्रॉवर बंद केला. चेहरा असा की मी त्याला चिडवायचं टाळलं. माझ्यासाठी हे मोठंच आहे.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी पीए धावत आला. कोट हातात. हात वर करकरून रफूचा एक कोपरा उसवला होता.

"उद्या हाच घालायचाय. बाकीचे निरनिराळ्या गावी ठेवलेत. जसा होता तसा करून ठेवा."

"जसा होता तसा?" बारीकरावानं विचारलं.

"अगदी तसा!"

पीए गेला. बारीकरावानं चिमटा घेतला आणि निळे धागे एकेक करून सगळे उपसले. आडवे एकोणीस, उभे तेवीस.

"अरे, काय करतोयस?" मी ओरडलो.

"जसा होता तसा. फाटायच्या आधी होता तसा."

कोटाच्या आतल्या दुमडीतून त्यानं करडे धागे काढले आणि भिंगाला डोळा लावला. दुपारचे चार वाजेपर्यंत पाणीसुद्धा प्यायला नाही. मग कोट माझ्यापुढे सरकवला. मी भिंग लावून शोधलं, बोट फिरवून शोधलं, उजेडासमोर धरून शोधलं. खोटं सांगत नाही, मला कोपरच सापडेना. कोट कागदात बांधून, सुतळीला पक्की गाठ मारून त्यानं पीएला दिला. पीएला घाई होती. नुसता दाबून बघितला, गेला.

समारंभाला सगळी गल्ली होती. आम्ही शेवटून तिसऱ्या रांगेत : मी, बारीकराव, वहिनी. बाईसाहेबांना मानपत्र दिलं गेलं. साहेब माइकसमोर आले. "हा मान माझ्या पत्नीचा नाही, या रफूचा आहे!" म्हणाले आणि कोपर वर केलं. शंभर मोबाइल उचलले गेले. कॅमेरेवाले पुढे सरकले. मागच्या मोठ्या पडद्यावर कोपर आलं, खाटेएवढं. करडं, सपाट, स्वच्छ.

मोबाइल तसेच वर राहिले. पीएनं बाजूनं कुजबुजून सांगितलं, "साहेब, दुसरा! दुसरा!" साहेबांनी दुसरं कोपर वर केलं. तेही स्वच्छ. पहिलं खाली घ्यायचं राहून गेलं. दोन्ही कोपरं वर केलेला माणूस कसा दिसतो, ते तुम्ही आरशासमोर करून बघा. मागून कुणीतरी हसलं. मी नव्हे, मी दुसरा.

आता तुम्हाला वाटेल, सत्य बाहेर आलं. छे! साहेबांच्या बाजूच्या वर्तमानपत्रानं छापलं : 'मायेचा रफू वस्त्राशी एकरूप, तज्ज्ञही थक्क.' विरोधी बाजूच्यानं छापलं : 'रफू कधी नव्हताच, आधीचे सगळे फोटो बनावट.' टीव्हीवर चार माणसं भोक होतं की नव्हतं यावरून तासभर एकमेकांवर ओरडली. रफूवाल्याला विचारावं असं एकालाही सुचलं नाही.

बारीकरावाला राहवलं नाही. न्हाव्याच्या दुकानात उभा राहून त्यानं जाहीर केलं : "भोक होतं. रफूही होता. तो मी केला होता, आणि हाही मीच केला!"

इस्त्रीवाल्यानं शांतपणे विचारलं, "कुठल्या पक्षाकडून बोलताय, बारीकराव?"

"पक्ष कसला? मी खरं सांगतोय!"

"ते सगळेच सांगतात. टीव्हीवरचे चौघंही तेच म्हणत होते."

मी म्हणालो, मी साक्षीला आहे. त्यावर तर दुकानात हशाच पिकला. माझी ख्याती माझ्या आड आली.

दोन दिवसांनी एक तरुण पत्रकार बाई आली. बारीकरावानं तिला नकाशा दाखवला, डबीत जपून ठेवलेले निळे धागे दाखवले.

"धागे काय, कुणाकडेही असतात, काका," ती म्हणाली. "तुम्ही केलेला रफू दाखवा. कॅमेरा आणलाय."

"तो दिसत नाही."

"मग मी दाखवू काय?"

"तेच तर! दिसत नाही म्हणूनच तो माझा!"

तिनं वही मिटली. चहा मात्र पूर्ण प्यायली.

त्या दुपारी बारीकराव इतका खचला की मीच त्याला घरी सोडायला गेलो. स्वयंपाकघरात बसला, कपाटाकडे पाठ करून. वहिनींपुढे त्यानं सगळं ओकून टाकलं : पीए, सात कोट, निळी लोकर, शपथ. शेवटी म्हणाला, "तूही म्हण आता, कुठल्या पक्षाकडून बोलताय."

वहिनी उठल्या. दोरीवरचा वाळत घातलेला मोजा काढून आणला, कपाटावरच्या फोटोला लावला. टाचेवर रफू. सगळे टाके एका अंगाला कललेले, डावखुऱ्या हाताचे. खाली कोपऱ्यात सुटलेलं टोक.

"तीस वर्षं धुतेय मी हे," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी फोटो बघितला आणि म्हटलं, अगं बाई, साहेबांच्या कोपराला आमच्या ह्यांचा मोजा!"

बारीकराव कपाटाकडे वळला. "मग... बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात? मला वाटलं, एवढं मोठं काम मिळालं आणि बायकोला सांगावंसंही वाटलं नाही. म्हटलं, असू दे. कापून लावून ठेवला. तर तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवून जेवायला लागलात."

म्हणजे हा गृहस्थ महिनोन् महिने स्वतःवरच जळत होता! मी हे मोठ्यानं म्हणालो. वहिनींनी मला चहा न देता वाटेला लावलं.

साहेबांनी तो कोट सोडला. हल्ली ते सभेत पाय वर करून झिजलेला जोडा दाखवतात, आणि चौकातला जोडे दुरुस्त करणारा आमच्याशी बोलेनासा झालाय. बाईसाहेबांनी सन्मान परत केला नाही. उलट आता त्या समितीच्या अध्यक्ष आहेत.

बारीकरावानं बारावा अर्ज केला. या वेळी वहिनींच्या सांगण्यावरून त्यानं नमुना म्हणून तो मोजाच जोडला. परवा मोजा परत आला. चिठ्ठीखाली अध्यक्षांची सही : "काम स्पष्ट दिसते. मात्र ही आमच्या शैलीची नक्कल असल्याने विचार करता येत नाही."

ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये गेली नाही. वहिनींनी ती कपाटावर कोपराशेजारी लावलीये. बारीकराव आता तिकडे तोंड करून जेवतो. मात्र दर घासाला एकदा म्हणतो, "आमच्या शैलीची म्हणे! अंगुस्तान अंगठ्यात घालते ती!"